निसरड्या रविवारी चर्चला सुखरूप कसं पोचायचं, आणि कधी घरीच थांबायचं?

केडगावकर (मिसिसागा, ओंटारियो) · शुक्रवार, रात्री

जय ख्रिस्त.

पुढच्या आठवड्यात आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या समितीची बैठक आहे. हिवाळ्यातल्या व्यवस्थेचा विषय मी तिथे मांडणार आहे. त्याआधी थंड प्रदेशात राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांचं ऐकून घ्यावं म्हणून हा धागा.

आमची स्वतःची इमारत नाही. एका जुन्या कॅनेडियन मंडळीचं चर्च आम्ही भाड्याने घेतो. सकाळी त्यांची उपासना होते, दुपारी तीनला आमची मराठी भक्ती, मग चहा किंवा प्रीतीभोजन. सकाळी त्यांचा माणूस बर्फ सारतो, मीठ टाकतो. दुपारी ऊन पडतं, कडेला रचलेला ढीग वितळतो आणि ते पाणी वाटेवर उतरतं. आम्ही साडेपाचला बाहेर पडतो तेव्हा अंधार झालेला असतो, पारा पुन्हा शून्याखाली गेलेला असतो आणि येताना ओली असलेली फरशी गोठलेली असते. ब्लॅक आइसचा हा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो की खालचं डांबर तसंच दिसतं. म्हणून माणूस बेसावध राहतो.

माझं मत आधीच सांगतो. चर्चला येणाऱ्याने पडू नये याची काळजी आपण त्या त्या माणसावरच सोपवतो. "आजी, जपून या हं," एवढं म्हणतो. आजी जपूनच येतात. पण वाटेवर मीठ नसेल, कठडा खिळखिळा असेल, दाराबाहेरचा दिवा बंद असेल, तर जपून चालणारं माणूसही पडतं. प्रभुभोजनाची भांडी कोण मांडणार, पेटी-तबला कोण आणणार हे आपण ठरवतो. त्याच यादीत मीठ कोण टाकणार हेही असायला हवं. ही मंडळीची सेवा आहे.

हायवेची मला त्या मानाने कमी काळजी वाटते. तिथे रात्रभर मिठाच्या गाड्या फिरतात. माणसं पडतात ती गाडीचं दार उघडून पहिला पाय खाली टेकवताना, दोन गाड्यांच्या मधल्या सावलीत, फुटपाथच्या उतारावर, पायऱ्यांवर आणि दाराच्या आत ओल्या फरशीवर. इमारतीची उत्तरेकडची बाजू विशेष वाईट, कारण तिथे ऊन पोचतच नाही. त्याहून वाईट म्हणजे छताच्या पन्हाळीचं पाणी जिथे वाटेवर सोडलेलं असतं ती जागा. तिथे रोज वितळतं आणि रोज गोठतं. कितीही मीठ टाका, पाण्याची वाट बदलल्याशिवाय ती जागा सुधारत नाही.

तुमच्याकडे काय करतात ते लिहा. उपासना रद्द करायची झाल्यास ते कोण ठरवतं आणि कधीपर्यंत, हे मला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचं आहे.

---

नगरचा_सेवेकरी (मिनियापोलिस) · शुक्रवार, रात्री

जय ख्रिस्त दादा. फार गरजेचा धागा काढलात.

मी आमच्या चर्चमध्ये दाराशी उभं राहून स्वागत करणाऱ्यांपैकी आहे. हिवाळ्यात वाट साफ करण्याचं कामही आमच्याकडेच असतं. म्हणून मिठाबद्दल सविस्तर लिहितो.

साधं खडे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली फारसं काम करत नाही. हे तापमान हवेचं नाही, जमिनीचं. फोनवर उणे ६ दिसत असलं तरी सावलीतली फरशी त्याहून थंड असू शकते. आमच्याकडे जानेवारीत पारा उणे २० ला सहज जातो. तेव्हा लोक मूठमूठ मीठ फेकतात, ते तसंच पडून राहतं आणि वाट साफ केल्याचं खोटं समाधान मिळतं. अशा थंडीत मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. कॅल्शियमवालं उणे २० च्या खालीही वितळवतं. तेही नसेल तर वाळू. वाळूने बर्फ वितळत नाही, पण बुटाला पकड मिळते.

दुसरं असं की आधी फावडं, मग मीठ. मीठ हे बर्फाचे थर वितळवण्यासाठी नाही, खाली चिकटलेला पातळ थर सुटावा म्हणून असतं. आमच्या राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की कॉफीचा एक मोठा मग, म्हणजे सुमारे १२ औंस मीठ, फुटपाथच्या दहा चौकोनांना पुरतं आणि दोन खड्यांमध्ये साधारण तीन इंच अंतर राहावं. जास्त टाकून जास्त सुरक्षित होत नाही. उरलेलं मीठ वाहून तळ्यात जातं आणि पुन्हा वेगळं काढता येत नाही. एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं खराब करतं, असं तेच खातं सांगतं. दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणून मिरवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे लागतं. वाट कोरडी झाली की उरलेले खडे झाडून परत बादलीत भरा, पुढच्या वेळी चालतात.

मीठ पसरल्यावर लगेच पाय ठेवायचा नाही, त्याला वेळ लागतो. आम्ही उपासनेच्या तासभर आधी येतो. शेवटच्या गीताच्या वेळी दोघे जण उठून बाहेर जाऊन वाट पुन्हा बघतात. तुमची अडचण परतीच्या वेळची आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

---

वसईची_पोर (ब्रॅम्प्टन) · शनिवार, सकाळी

आमच्या घरी भांडण वेगळंच असतं. पप्पा आणि आई दोघंही सत्तरीच्या पुढचे. वसईत रोज सकाळी मिस्साला (कॅथलिक उपासनेला) जाणारी माणसं, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातूनही गेलेली. रविवारची मिस्सा चुकली तर पाप लागतं हे लहानपणापासून मनात घट्ट बसलेलं. बाहेर फ्रीझिंग रेन (जमिनीवर पडताच गोठणारा पाऊस) चालू असताना पप्पा कोट घालून दारात उभे असतात. त्यांच्याशी वाद घालणं मला जड जातं, कारण त्यांची श्रद्धा खरी आहे आणि तिचा मला आदर आहे.

शेवटी आमच्या पॅरिशच्या (धर्मग्रामाच्या) फादरांनाच त्यांच्याशी बोलायला सांगितलं. फादरांनी शांतपणे समजावलं: रविवारच्या मिस्साचं बंधन आहेच, पण गंभीर कारण असेल तर ते लागू होत नाही. आजारपण, तान्ह्या बाळाची काळजी ही उदाहरणं धर्मशिक्षणातच दिलेली आहेत आणि जिवाला धोका असलेली वाटही त्याच प्रकारात येते. चर्चच्या कायद्यातल्या १२४८ व्या कलमात तर पुढची सोयही सांगितली आहे: गंभीर कारणामुळे मिस्साला जाणं अशक्य असेल तर एकट्याने किंवा कुटुंबाने मिळून योग्य वेळ प्रार्थनेत घालवावा. त्याच कलमात असंही आहे की आदल्या संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते. आता रविवारी वादळ येणार असं कळलं की आम्ही शनिवारी संध्याकाळीच जाऊन येतो. पप्पांना ते मनापासून पटलं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी हट्टी आईवडील असतील तर तुम्ही सांगू नका, फादरांना सांगू द्या. मुलीने सांगितलं तर ती काळजी ठरते, फादरांनी सांगितलं की तो आधार ठरतो.

---

निवृत्त_पाळक (शिकागोजवळ) · शनिवार, सकाळी

वसईच्या ताईंनी चांगलं लिहिलं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असं लिखित कलम नाही, त्यामुळे आमच्याकडे ओझं पाळकाच्या शब्दावर येतं.

आमचे लोक इब्री लोकांस पत्रातल्या दहाव्या अध्यायातलं पंचविसावं वचन पुढे करतात, एकत्र मिळणं सोडू नका म्हणून. बरोबर आहे. पण ते वचन सवयीने दूर राहणाऱ्यांसाठी आहे, गोठलेल्या जिन्यासमोर उभ्या असलेल्या विधवा बाईसाठी नाही. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात प्रभू स्वतः सांगतात की तुमचं पळणं हिवाळ्यात किंवा शब्बाथ दिवशी होऊ नये म्हणून प्रार्थना करा. हिवाळ्यातली वाट कठीण असते, याची दखल प्रभूनेच घेतलेली आहे.

केडगावकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: शनिवारी रात्री आठपर्यंत ठरवायचं. पाळक, सचिव आणि एक तरुण माणूस असे तिघे फोनवर बोलतात, हवामान खात्याचा इशारा पाहतात आणि ठरवतात. रविवारी सकाळी कधीच ठरवू नये. म्हातारी माणसं पहाटे उठून आंघोळ करून तयार होतात, काही जण बसने तासभर आधी निघतात. त्यांना निरोप मिळेपर्यंत ती बसस्टॉपवर थंडीत उभी असतात. आणि "ज्यांना जमेल त्यांनी यावं" असा निरोप कधी देऊ नये. तो ऐकून नेमकी तीच माणसं येतात ज्यांनी यायला नको. दार उघडं असेल तर आजी येणारच. म्हणून उपासना आहे किंवा नाही, एकच वाक्य.

वादळातही इतके लोक आले, अशी उपस्थिती व्यासपीठावरून अभिमानाने सांगणाऱ्या पाळकांना माझी विनंती आहे की तसं करू नका. ते ऐकून घरी थांबलेल्यांना अपराधी वाटतं आणि पुढच्या वादळात ते बाहेर पडतात.

---

माँट्रियलची_मावशी · शनिवार, दुपारी

पाळकसाहेबांशी बरीचशी सहमत, पण दुसरी बाजू मांडते.

हल्ली फार पटकन रद्द करतात. चार इंच भुरभुरीत बर्फ पडला की लगेच व्हॉट्सॲपवर निरोप, भक्ती ऑनलाइन. ज्यांच्या घरी माणसं आहेत त्यांचं ठीक. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत ज्यांच्याशी आठवड्यात मराठीत बोलणारं कोणी नसतं, रविवार सोडून. स्क्रीनवर उपासना दिसते, पण कोणी हात हातात घेत नाही. पुढे प्रसिद्ध इंग्लिश उपदेशक झालेल्या स्पर्जन यांची गोष्ट आपल्या पाळकांनी किती वेळा सांगितली असेल! जानेवारी १८५०, कोलचेस्टर, पंधरा वर्षांचा मुलगा. हिमवादळामुळे ठरवलेल्या चर्चपर्यंत पोचता आलं नाही म्हणून वाटेतल्या एका लहानशा मेथडिस्ट चॅपलमध्ये शिरला. तिथला उपदेशकही बर्फामुळे आलेला नव्हता. एक साधा माणूस उभा राहून यशयातल्या एका वचनावर बोलला आणि त्या मुलाचं आयुष्य बदललं. त्या दिवशी ते दार बंद असतं तर?

मऊ ताजा बर्फ आणि फ्रीझिंग रेन यांत फरक करा, एवढंच माझं म्हणणं. ताज्या बर्फात बुटाला पकड असते, गाडी हळू चालवली की पोचता येतं. फ्रीझिंग रेनमध्ये मात्र कोणीही, कितीही तरुण असो, घराबाहेर पडू नये. १९९८ च्या जानेवारीत मी इथेच होते. ४ तारखेच्या रविवारच्या सुमारास सुरुवात झाली आणि आठवडाभर थांबून थांबून पडतच राहिला. काही भागांत १०० मिलिमीटरपर्यंत. विजेचे मोठे मनोरे वाकून कोसळले, लाखो घरं अंधारात गेली, काही ठिकाणी कित्येक आठवडे. शाळांत, सभागृहांत, चर्चच्या तळघरांत लोकांनी आसरा घेतला. त्या दिवसांत चर्चला जाणं म्हणजे ऊब मिळणाऱ्या जागी जाणं होतं. आणि काही मृत्यू झाले ते घरात बंद जागी जनरेटर किंवा शेगडी पेटवल्याने, विषारी वायूने. दिसतही नाही, वासही येत नाही.

---

निवृत्त_पाळक · शनिवार, दुपारी

मावशी, तुमचं म्हणणं मान्य. रद्द करणं म्हणजे सुट्टी नव्हे. आमच्याकडे उपासना रद्द झाली की त्या वेळेत प्रत्येक एकट्या माणसाला कोणी ना कोणी फोन करतं, एक स्तोत्र वाचतं, घरात औषधं आणि दूध आहे का ते विचारतं. ही नावं आधीच वाटून दिलेली असतात. स्पर्जनची गोष्ट मला प्रिय आहे, पण तो पंधरा वर्षांचा होता हेही ध्यानात ठेवू.

---

फिजिओताई (ऑटवा) · शनिवार, संध्याकाळी

पडून मोडलेले मनगट आणि खुबे हे माझं हिवाळ्यातलं रोजचं काम आहे. म्हणून थोडं लांब लिहिते, कृपया शेवटपर्यंत वाचा.

बुटांपासून सुरुवात. उबदार बूट म्हणजे न घसरणारे बूट नव्हेत. टोरोंटोच्या पुनर्वसन संस्थेत विंटरलॅब नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे खऱ्या बर्फाच्या फरशीवर माणसांना बूट घालून चालवतात आणि फरशी हळूहळू तिरकी करत नेतात. किती अंशांपर्यंत पाय घसरत नाही त्यावरून बुटाला हिमकण देतात: ७ अंशांना एक, ११ ला दोन, १५ ला तीन. २०१६ साली त्यांनी पहिले निकाल जाहीर केले तेव्हा ९८ जोड्यांपैकी जेमतेम ८ टक्के जोड्यांना एक हिमकण मिळाला. महागडे बूटही नापास झाले. त्यांची यादी वेबवर मोफत आहे, ती पाहून मगच विकत घ्या. रबरात काचतंतू किंवा बारीक कण मिसळलेले तळवे चांगले ठरतात.

बुटावर चढवायचे काटे (क्लीट्स) बाहेर उत्तम, पण चर्चच्या गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात. दाराच्या आत बाकडं ठेवा, बसून काढता आले पाहिजेत. उभ्याने एका पायावर काढायला जाणं म्हणजे पडायला निमंत्रण.

चालताना पेंग्विनसारखं चाला, इथल्या शाळांतून मुलांना हेच शिकवतात. पावलं लहान, पाय किंचित बाहेर वळवलेले, वजन पुढच्या पायावर, गुडघे सैल. हात खिशात नकोत, तोल सांभाळायला ते मोकळे हवेत. गाडीतून उतरताना दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, दाराचा आधार घ्या, मग उठा.

वृद्ध माणसाला आधार देताना त्यांचा दंड धरू नका. तुमचा हात त्यांना धरू द्या. तुम्ही धरलात आणि ते घसरले तर खांदा ओढला जातो आणि दोघंही पडता. ज्येष्ठांच्या काठीला बर्फासाठी टोकदार टोपी मिळते, घरात वर दुमडता येते. ती घ्याच.

आता सर्वांत महत्त्वाचं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारं कोणी पडलं आणि डोक्याला मार लागला तर "मी ठीक आहे" म्हणत असले तरी रुग्णालयात न्या. आत रक्तस्राव हळूहळू होऊ शकतो, लक्षणं उशिरा दिसतात. खुब्यात दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उचलून बसवू नका. अंगाखाली-अंगावर कोट, ब्लँकेट घाला आणि ९११ ला फोन करा. थंड जमिनीवर दहा मिनिटांतही म्हातारं शरीर गारठतं.

---

नऊवारी_ते_टोरोंटो · शनिवार, रात्री

ताई, फार उपयोगी. साडीचं काय करावं? सासूबाई भक्तीला साडीशिवाय येत नाहीत, आणि त्यांना बदलायला सांगायची माझी इच्छाही नाही.

---

फिजिओताई · शनिवार, रात्री

बदलायला सांगूच नका. आत थर्मल लेगिंग, लोकरी मोजे, वर बूट. साडी घोट्याच्या वर चार बोटं नेसवा. पुढच्या निऱ्या चालताना पायात येतात आणि ओला काठ गोठून कडक होतो. बाहेर असेपर्यंत निऱ्या वर खोचून वरून लांब कोट घाला. चपला पिशवीत न्यायच्या आणि आत गेल्यावर बदलायच्या. पिशवी खांद्याला लावा, हात रिकामे राहतात.

---

केडगावकर · शनिवार, रात्री

हात रिकामे, यावरून एक आठवलं. प्रीतीभोजनाला आपण मोठाली पातेली नेतो. दोन्ही हातांत बिर्याणीचं पातेलं धरून चालणाऱ्याला स्वतःचे पायही दिसत नाहीत. यंदा पातेली फक्त दारापाशी उतरवायची, पार्किंगमधून कोणी उचलून आणायचं नाही, असं मी सुचवणार आहे.

---

कायदा_आणि_करुणा (टोरोंटो) · रविवार, सकाळी

मी वकील नाही, पण एका चर्चच्या मालमत्ता समितीत काम करते, त्यामुळे हे वाचावं लागलं. ओंटारियोत जागेवर ज्याचा ताबा आहे त्याने येणाऱ्यांच्या सुरक्षेची वाजवी काळजी घ्यायची असते. त्याला ऑक्युपायर्स लायबिलिटी ॲक्ट म्हणतात. एका जागेला एकापेक्षा जास्त ताबेदार असू शकतात. केडगावकर, तुम्ही भाड्याने घेता, म्हणून दुपारच्या मिठाची जबाबदारी कोणाची हे करारात स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर मालक म्हणणार तुमची, तुम्ही म्हणणार त्यांची, आणि वाट तशीच निसरडी.

२९ जानेवारी २०२१ पासून तरतूद अशी आहे की खासगी जागेत बर्फावरून पडून इजा झाली तर ६० दिवसांत लेखी कळवावं लागतं. महापालिकेच्या फुटपाथवर पडल्यास फक्त १० दिवस मिळतात. कोणी भांडावं म्हणून हे सांगत नाही. चर्चकडे नोंदवही असावी: कोणी, किती वाजता, कुठे मीठ टाकलं, तापमान किती होतं. विमा कंपनी तीच विचारते. आणि कोणी पडलंच तर समितीने गप्प बसू नये, घरी जावं, चौकशी करावी, लागेल ती मदत करावी. मंडळीतल्या माणसाला कोर्टाची पायरी चढावीशी वाटली तर बहुतेक वेळा त्याच्या घरी कोणी फिरकलेलं नसतं.

---

बर्लिनकर · रविवार, दुपारी

इथली गंमत नाही, खरी अडचण सांगतो. बर्लिनमध्ये रात्री पडलेला बर्फ इतर दिवशी सकाळी सातपर्यंत साफ करायचा असतो, पण रविवारी आणि सणाच्या दिवशी नऊपर्यंत मुभा आहे. म्हणजे लवकरच्या उपासनेला जाणारे नेमके साफ न झालेल्या फुटपाथवरून जातात. खासगी लोकांना मीठ टाकायला बंदी आहे, झाडांच्या मुळांना आणि पाण्याला त्रास होतो म्हणून. त्याऐवजी बारीक खडी टाकतात. ती वितळवत नाही, पण पकड चांगली देते. आमच्या मंडळीने लवकरची उपासना जानेवारी-फेब्रुवारीत दहाला नेली. फार साधा उपाय, खर्च शून्य.

---

फौजी_सातारा · रविवार, संध्याकाळी

परदेशाबद्दल चाललंय, पण बर्फ आपल्या देशातही आहे म्हणून लिहितो. लेहला पोस्टिंग होती. तिथे मोरावियन मिशनचं (एका प्रॉटेस्टंट पंथाचं) चर्च आहे, १८८५ पासूनचं. रविवारी सुट्टी मिळाली की आम्ही काही जण जायचो. जानेवारीत रात्री पारा उणे वीसच्या आसपास. वरच्या गल्ल्यांत घरांतून सांडलेलं पाणी गोठून उतारच्या उतार बर्फाचे होतात. लोक बुखारीतली (खोली गरम ठेवायच्या शेगडीतली) राख वाटेवर पसरतात. पकडही मिळते आणि काळा रंग ऊन ओढून घेतो, त्यामुळे थोडं वितळतंही.

अजून एक, उंचीवर घाईने चालू नये. दम लागला की तोल जातो. आणि बुखारी पेटलेल्या खोलीत प्रार्थनेला बसलात तर एक खिडकी फटभर उघडी ठेवा. माँट्रियलच्या मावशींनी सांगितलेला विषारी वायू तोच.

---

नगरचा_सेवेकरी · रविवार, रात्री

गाडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. हिवाळी टायर घ्या, बाजूला डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले. सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हे कायद्याने सक्तीचं आहे, बाकीच्यांनी स्वतःहून करा. बर्फावर थांबायला दहापट अंतर लागू शकतं. पूल आधी गोठतात. लहान मुलांना जाड फुगीर कोट घालून कारसीटमध्ये बांधू नका, पट्टा सैल राहतो. पट्टा बांधून मग कोट वरून पांघरा. गाडी बंद गॅरेजमध्ये तापत ठेवू नका, आणि बर्फातून काढण्याआधी तिची धूर सोडणारी नळी मोकळी करा.

शिवाय पन्नाशी ओलांडलेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या पुरुषांनी उत्साहाने फावडं हातात घेऊ नये. जोराच्या हिमवृष्टीनंतर पुरुषांत हृदयविकाराचे झटके वाढतात, हे क्यूबेकच्या रुग्णालयांच्या नोंदींत दिसलं आहे. चर्चचं आवार तरुणांनी साफ करावं. आमच्या नगरकडे वडीलधारे आधी कुदळ उचलतात, ती सवय इथे मोडा.

---

वसईची_पोर · सोमवार, सकाळी

नाताळबद्दल खास एक. त्या दिवशी कोणीच रद्द करायला धजत नाही, आणि त्याच दिवशी धोका जास्त असतो: मध्यरात्र, गर्दी, नवे गुळगुळीत तळव्याचे बूट. २०१३ मध्ये नाताळच्या आधीचा रविवार, २२ डिसेंबर, टोरोंटोत असाच आला होता. रात्रीत झाडं बर्फाच्या वजनाने मोडली, सुमारे तीन लाख ग्राहकांची वीज गेली, कित्येकांचा नाताळ अंधारातच झाला. २०२२ ला तर नाताळ रविवारीच होता आणि बफेलोत हिमवादळाने चाळीसहून जास्त माणसं दगावली, गाडी चालवायलाच बंदी होती. त्यातली काही माणसं अडकलेल्या गाडीत सापडली. नाताळची मिस्सा चुकली तर वर्ष चुकतं असं आईला वाटतं. तरीही बंदी असेल तर बंदी. आम्ही त्या रात्री घरीच येशूजन्माचा गोठा मांडून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) केली.

---

केडगावकर · पुढच्या गुरुवारी, रात्री

बैठक झाली. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांची छापील प्रत घेऊन गेलो होतो, तिचा फार उपयोग झाला.

ठरलं ते असं. शनिवारी रात्री आठपर्यंत तिघे ठरवतील, निरोप एकच: आहे किंवा नाही. व्हॉट्सॲप न वापरणाऱ्या ज्येष्ठांना त्याच रात्री फोन. मालक मंडळीशी बोललो, दुपारी एकनंतरची वाट आमची, मीठ त्यांचं, आणि हे दोघांनी सही करून लिहून ठेवलं. पन्हाळीचं पाणी वाटेवरून वळवून बागेकडे न्यायला ते तयार झाले. त्यांच्याही आज्या तिथेच घसरत होत्या. दाराबाहेर गाडी थांबवून ज्येष्ठांना उतरवायची, मग पार्क करायची. त्यासाठी पहिल्या दोन जागा मोकळ्या ठेवणार. आत लांब चटया आणि बाकडं. शेवटच्या गीताच्या वेळी दोन तरुण बाहेर जाऊन वाट बघणार. जानेवारी-फेब्रुवारीत भक्ती दुपारी तीनऐवजी एक वाजता, म्हणजे उजेडात घरी.

एकच गोष्ट अडली. व्हीलचेअरचा उतार उत्तरेकडे आहे आणि तिथे खडे मीठ कामी येत नाही असं नगरच्या दादांच्या हिशोबावरून दिसतं. कॅल्शियम क्लोराइड घ्यायचं म्हणतोय, पण ते महाग आहे आणि साठवायचं कसं?

---

नगरचा_सेवेकरी · गुरुवार, रात्री

पूर्ण आवाराला नको, फक्त उतार आणि पायऱ्यांना वापरा, म्हणजे एक पिशवी बरेच दिवस जाईल. ते हवेतलं पाणी ओढतं, उघडं राहिलं तर गठ्ठा होतो. घट्ट झाकणाच्या बादलीत ओता आणि दाराच्या आत ठेवा. हाताळताना हातमोजे घाला, त्वचेला झोंबतं. आणि ते ओल्या बुटांबरोबर आत आलं की फरशी बुळबुळीत होते, म्हणून त्या दाराशी चटई दुप्पट लांबीची टाका.

---

केडगावकर · गुरुवार, रात्री

शनिवारी बादली आणतो. आभारी आहे दादा.